वाजलं म्हणजे बसलं?

बोटाच्या एका सांध्याची चित्रफीत आहे. कॅनडातल्या एडमंटन शहरात, अल्बर्टा विद्यापीठात ती काढली गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कॅमेऱ्याच्या जागी एमआरआय यंत्र होतं. बोट जिथे तळहाताला मिळतं तो सांधा चित्रात मधोमध दिसतो. बोटावर एक नळी घट्ट चढवलेली, नळीला दोरी, आणि ती दोरी सावकाश ओढली जातेय. ज्याचं बोट, तो स्वतः कायरोप्रॅक्टर. दुसऱ्यांचे सांधे मोकळे करणं हा त्याचा धंदा आणि आपली दहाही बोटं हुकमी वाजवता येणं हे या प्रयोगापुरतं त्याचं भांडवल. ग्रेग कावचुक या संशोधकाच्या चमूला असाच माणूस हवा होता.

सुरुवातीला काहीच घडत नाही. दोन हाडांची गोलसर टोकं एकमेकांना लागून आहेत. ओढ वाढते तरी ती सुटत नाहीत. मधला द्रव त्यांना धरून ठेवतो. मग अचानक टोकं विलग होतात आणि मधे एक काळी पोकळी उभी राहते. हे सगळं ३१० मिलिसेकंदांच्या आत. यंत्र सेकंदाला जेमतेम तीन चित्रं घेत होतं, म्हणजे जो क्षण बघायला आपण बसलो, तो नेमका दोन चित्रांच्या मधल्या जागेत होऊन जातो. आधीच्या चित्रात पोकळी नाही, पुढच्या चित्रात आहे. बारकाईने पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते: पोकळी उघडण्याच्या किंचित आधी सांध्यात एक पांढरट चमक येऊन जाते. ती आधी कुणी नोंदवली नव्हती.

मला ही फीत आवडते याचं कारण तिच्यात आवाजच नाही. एमआरआयच्या चित्राला ध्वनी नसतो. ज्या ‘कट्’साठी हा सगळा खटाटोप, तो ऐकू येत नाही, आणि म्हणूनच कदाचित आपण पहिल्यांदा नीट बघतो.

आपल्याकडे या आवाजाचा मान मोठा. नातवंडावरून हात ओवाळून आजी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते. जितकी कडाकडा वाजतील तितकी दृष्ट मोठी होती, हे घरातल्या सगळ्यांना पटतं. उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. पाठीत काही वाजलं की रोगी उठून उभा राहायच्या आधीच बघे म्हणतात, सुटली. हाडवैद्याच्या ओट्यावर तर हिशोब सरळच आहे: वाजलं म्हणजे बसलं. आणि आता मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात, त्यांत मानेजवळ माइक लावलेला असतो. मणक्यांचा तो कडाका हेडफोनमधून ऐकण्यात ज्यांना सुख वाटतं, त्यांची संख्या आजारी माणसांहून बहुधा जास्त असेल.

अशा वातावरणात कायरोप्रॅक्टिककडे रसिकतेने बघणं अवघड होतं. एक तर लोक आवाजावर भाळतात, नाहीतर आवाजाची टिंगल करतात. दोघांचंही लक्ष एकाच जागी. माझं म्हणणं इतकंच आहे की या कसबात दाद द्यायची जागा तिथे नाही. विशेषतः झिजेचा संधिवात, डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, तो असलेल्या म्हाताऱ्या सांध्यावर काम करणाऱ्या हाताचं खरं कौशल्य वाजण्याच्या आधी असतं, नंतर असतं, आणि पुष्कळदा न वाजवण्यात असतं. मैफलीत तिहाईला टाळी पडते, जाणकाराची मान समेवर येण्याच्या आमदीला हलते, तसंच हे.

पण आधी आवाजाचं काय ते पुरतं सांगून टाकू. १९४७ साली रॉस्टन आणि व्हीलर हेन्स यांनी बोट ओढत ओढत क्ष-किरण चित्रं घेतली आणि सांधा सुटताना मधे पोकळी होते, तिच्याशी आवाजाचा संबंध जोडला. १९७१ साली लीड्सच्या अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी उलटं मांडलं: द्रवातला वायू बुडबुडा होऊन बाहेर येतो आणि तो बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज. चाळीसहून अधिक वर्षं हेच मत चाललं. मग २०१५ ची फीत आली. तिच्यात आवाज झाल्यावरही पोकळी तशीच उभी आहे, फुटलेली नाही. तीन वर्षांनी चंद्रन सुजा आणि बराकात यांनी गणिताचं प्रारूप मांडून दाखवलं की बुडबुडा पुरा न फुटता अर्धवट मिटला तरी एवढा आवाज होऊ शकतो. वाद संपलेला नाही, पण दोन गोष्टी सगळ्या बाजूंना मान्य आहेत. हाड हाडावर आपटून हा आवाज होत नाही. आणि एकदा वाजलेला सांधा साधारण वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही, कारण वायू परत द्रवात विरघळायला तेवढा वेळ जातो. ‘सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा’ तो आवाज असता, तर वीस मिनिटांनी त्याने पुन्हा सरकून पुन्हा वाजण्याचं कारण नव्हतं.

बोटं मोडली की पुढे संधिवात होतो, ही भीती कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरला लहानपणी आईने घातली होती. पुढे मावश्या-आत्यांनी घातली, आणि लग्नानंतर सासूबाईंनीही. त्याने पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज किमान दोनदा मोडली, उजव्याची मोडली नाहीत, आणि १९९८ साली संधिवाताच्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं की दोन्ही हातांत फरक नाही. २००९ साली त्याला इग् नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण सासूबाईंना उत्तर द्यायला पन्नास वर्षं थांबण्याची चिकाटी मला कुठल्याही संशोधनवृत्तीहून कमी वाटत नाही.

आवाजाचं हे वेड कायरोप्रॅक्टिकच्या जन्मकथेतच आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचं गाव. तिथे डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा माणूस लोहचुंबकी उपचार करत असे. त्याआधी त्याने किराणा विकला होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजी, तो म्हणतो, त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला. लिलार्ड कृष्णवर्णीय होता, पामर बसे त्याच इमारतीची देखरेख करायचा आणि सतरा वर्षांपूर्वी अडचणीच्या जागी वाकलेला असताना पाठीत काहीतरी सटकून त्याला ऐकू येईनासं झालं होतं. मणका दाबल्यावर त्याला रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं ऐकू आली.

कथा म्हणून हिची बांधणी पाहा. नवी विद्या जन्माला येते ती लंगड्याला चालवून नव्हे, बहिऱ्याला ऐकवून. तीही एखाद्या माणसाचा शब्द ऐकवून नव्हे, तर रस्त्याचा खडखडाट. सांगणाऱ्याने तपशील अचूक निवडला आहे. अडचण इतकीच की कानाचा मज्जातंतू अंतर्कर्णातून थेट मेंदूच्या बुडाशी जातो, सगळा प्रवास कवटीच्या आत. पाठीच्या मणक्याशी त्याची गाठच पडत नाही. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत तर निराळीच आहे: वडील मित्राशी चेष्टामस्करी करत होते, पामरने हातातल्या पुस्तकाने त्यांच्या पाठीवर चापट मारली, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांना जरा बरं ऐकू येऊ लागलं. मला ही दुसरी कथा जास्त पटते आणि पहिलीइतकीच आवडते.

पामरने यावरून सिद्धान्त उभा केला की मणका जागचा किंचित हलला की मज्जातंतू दबतात आणि त्यातून बहुतेक सगळे रोग होतात. त्या हलण्याला त्याने सब्लक्सेशन म्हटलं. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगात गेला, १९१३ मध्ये वारला, आणि मुलगा बी. जे. याने शाळा, छापखाना आणि पुढे रेडिओ केंद्र चालवून बापाच्या विद्येचा व्यवसाय केला. डॉक्टरांच्या संघटनेशी झालेलं भांडण न्यायालयात गेलं आणि १९८७ साली निकाल कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने लागला; तो सगळा इतिहास इथे उगाळायला नको. सब्लक्सेशनचा सिद्धान्त टिकला नाही. हात टिकले. विचार चुकीचा आणि कसब अस्सल, अशी उदाहरणं कलेच्या इतिहासात थोडी नाहीत.

तर त्या हातांकडे येऊ. पासष्टीतली एक बाई टेबलावर आहे असं धरा. सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असते, पंधरा-वीस मिनिटं वावरल्यावर सुटते. गुडघे जिना उतरताना दुखतात, चढताना कमी. डॉक्टरांनी तिला मणक्यात गॅप आलाय असं सांगितलंय, शेजारणीने गुडघ्यातलं वंगण संपलंय असं. दोन्ही वाक्यं तिने इतक्यांदा ऐकलीत की आपल्या शरीराबद्दल ती एखाद्या भंगारात निघालेल्या यंत्राबद्दल बोलावं तशी बोलते. माझ्या मते चांगल्या हाताचं पहिलं काम हे बोलणं ऐकून घेणं.

मग कायरोप्रॅक्टर तिला कुशीवर वळवतो. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवलेला आणि पाऊल खालच्या गुडघ्यामागे टेकवलेलं, वरचा हात छातीवर. एका हाताने खांदा स्थिर धरतो, दुसऱ्याचा तळवा कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर. इथून पुढचे चार-पाच सेकंद म्हणजे या कलेचं मर्म. तो ढकलत नाही. कातडी, स्नायू, सांध्याभोवतीचा पापुद्रा यांतली सगळी ढिलाई तो एकेक करून काढून घेतो. थोडं वळवतो, थांबतो, तिच्या श्वास सोडण्याची वाट बघतो, उरलेली ढिलाई घेतो. शेवटी अशी एक जागा येते की पुढे जायला आता फक्त सांधाच उरलेला आहे. कायरोप्रॅक्टर हा टप्पा वर्षानुवर्षं घोटतात. नवशिक्याचा हात इथे घाई करतो आणि मग सांध्याऐवजी सगळी कंबरच ढकलतो.

त्यानंतरचा झटका क्षणाचा: सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ, आणि हालचाल अगदी थोडी. कॅलगरीच्या वॉल्टर हर्झोग यांनी रुग्णाच्या अंगावर दाबमापक ठेवून हे मोजलं. मानेवरच्या झटक्याचा जोर साधारण शंभर-सव्वाशे न्यूटन, पाठीवर आणि कमरेच्या खाली तीन-चारशेच्या आसपास. आकड्यांपेक्षा मला त्यांच्या आलेखाचा आकार मोलाचा वाटतो. आधी एक सपाट, सौम्य दाब. मग किंचित खालावलेली रेघ. मग उभा चढ. ती मधली खाली गेलेली रेघ म्हणजे झटक्याआधी हात क्षणभर मागे येतो ती जागा. ती चुकून जास्त खाली गेली तर घेतलेली सगळी ढिलाई परत मिळते आणि कष्ट फुकट. तरबेज हाताची रेघ तिथे जवळजवळ हलत नाही.

आणि मग ‘कट्’. बाई हसते. म्हणते, बसलं.

कुठे बसलं? २००४ साली कॅनडातल्या रॉस, बेरेझनिक आणि मॅकगिल यांनी अनुभवी कायरोप्रॅक्टरांना ठरलेल्या मणक्यावर झटका द्यायला सांगितला आणि आवाज नेमका कुठून आला ते पाठीवर लावलेल्या यंत्रांनी शोधलं. कमरेत लक्ष्यापासून सरासरी पाच सेंटिमीटरहून जास्त फरक, म्हणजे निदान एक मणका इकडे किंवा तिकडे. एका झटक्यात बहुतेक वेळा एकाहून जास्त सांधे वाजतात, म्हणून त्यांतला एखादा बरोबर असतो. ‘तुमचा चौथा मणका बसवला’ हे वाक्य म्हणून मला नेहमी एखाद्या जाहिरातीसारखं वाटतं. अमेरिकेतल्या फ्लिन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रुग्णांत पाहिलं तेव्हा आवाज झाला काय आणि न झाला काय, दुखणं कमी होण्यात फरक पडला नाही.

मग बरं का वाटतं? इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला ना मज्जातंतू, ना रक्तवाहिन्या. तिला दुखत नाही, आणि ती भरूनही येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं की कूर्चेचा नाश एकदा झाला की ती पूर्ववत होत नाही. दुखतं ते भोवतीचं: कूर्चेखालचं हाड, सांध्याचं अस्तर, ताणलेला पापुद्रा, सांधा जपण्याच्या नादात आवळून बसलेले स्नायू, आणि या सगळ्यांकडून आलेल्या बातम्या मोठ्या करून सांगायची सवय लागलेली मज्जासंस्था. म्हणून क्ष-किरणांत सांधा पार बिघडलेला दिसतो तो माणूस तुरुतुरु चालतो, आणि जिचं चित्र बरं आहे ती रात्रभर कण्हते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली झिजेच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आजही चालतात, पण दुखण्याच्या पायऱ्या त्यांत नाहीत.

हात कूर्चा परत आणत नाही. सांधा दोन दिवसांसाठी जरा सैल करतो, आवळलेला स्नायू ढिला करतो, मज्जासंस्थेला काही तास वेगळी बातमी देतो. हे क्षुल्लक नाही. पण जे कायरोप्रॅक्टर झिजेच्या संधिवातावर वर्षभराची ‘पॅकेजं’ विकतात आणि आठवड्याला तीनदा वाजवून सांधा तरुण करू म्हणतात, त्यांना हंटर वाचायला द्यावा.

उत्तम कारागीर म्हाताऱ्या सांध्यासाठी पुष्कळदा झटकाच टाळतो. इंडियानातल्या फोर्ट वेन गावच्या जेम्स कॉक्स यांनी ऑस्टिओपॅथीतल्या एका जुन्या टेबलावरून कमरेसाठी एक पद्धत घडवली. बाई पालथी, घोटे पट्ट्यांत, टेबलाचा खालचा अर्धा भाग बिजागरीवर. एक हात मणक्यावर स्थिर, दुसरा टेबल हळूच खाली नेतो आणि परत आणतो, लयीत, पुन्हा पुन्हा. कमरेचे मागचे छोटे सांधे मिटलेले असतात ते थोडे उघडतात, आवाज काहीच होत नाही. कूर्चेला रक्त नसल्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातूनच होतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो दाब आणि ढिलाई आलटून पालटून आली की. या लयीने तसं होतं, असा दावा मी करणार नाही. पण बघायला ही लय झटक्यापेक्षा फार सुंदर असते.

डॅव्हनपोर्टच्याच जे. क्ले थॉम्पसन यांचं टेबल गमतीचं आहे. त्याचे तुकडे वर उचलून ठेवतात, हात दाबला की ते जरासे खाली पडतात, आणि ‘धाड’ असा आवाज होतो. हा आवाज टेबलाचा असतो, माणसाचा नव्हे. तरीही तो ऐकून पुष्कळांना बरं वाटतं! मिनेसोटात अर्लन फूर आणि वॉरन ली यांनी स्प्रिंगचं एक छोटं हत्यार केलं, अ‍ॅक्टिव्हेटर. त्याची हलकी टिचकी लागते, तीही वाजते. कारागिरांना ठाऊक असावं की रुग्णाच्या कानालाही काहीतरी द्यायचं असतं.

गुडघ्याची गोष्ट वेगळी, आणि झिजेच्या संधिवातात खरा मोठा मामला गुडघ्याचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ साली जगात ५२ कोटी ८० लाख माणसं या विकाराने ग्रस्त होती आणि त्यांतली बहुसंख्य गुडघ्याची. गुडघ्याला मणक्यासारखा झटका नसतो. हाताने वाटी इकडे-तिकडे सरकवतात, नळीचं हाड मांडीच्या हाडाखाली पुढे-मागे हलकेच नेतात. गुडघा शेवटी पाच-दहा अंश सरळ होत नाही, तो हळूहळू शेवटपर्यंत सरळ करत नेतात. टेक्सासच्या ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरमध्ये डेल आणि सहकाऱ्यांनी ८३ रुग्णांवर हे केलं, २००० साली निकाल छापला. हाताचे उपचार आणि व्यायाम मिळालेल्या गटात वर्षभरात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली ५ टक्क्यांची, नुसती खोटी अल्ट्रासाउंड मिळालेल्या गटात २० टक्क्यांची. ते कायरोप्रॅक्टर नव्हते, फिजिओथेरपिस्ट होते. आणि हात किती, व्यायाम किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

याच गुंत्यावर दोन देशांच्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या झाल्यात, आणि त्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. इंग्लंडच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की खुबा आणि गुडघ्याच्या संधिवातात हाताच्या उपचारांचा विचार करावा, पण व्यायामाच्या जोडीनेच. एकट्याने ते उपयोगी पडतात याला पुरेसा पुरावा नाही, हेही रुग्णाला सांगावं. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या सूचनांत व्यायामावर जोरदार मोहर उठवली, वजन कमी करण्यावरही, काठी वापरण्यावरही. हाताचे उपचार मात्र व्यायामाला जोडून फायदा वाढत नाही असं धरून सौम्यपणे नाकारले. एकच पुरावा; एकाने ‘चालेल, पण’ म्हटलं, दुसऱ्याने ‘नको, पण’. रसिक म्हणून मला नाइसची भाषा जवळची वाटते, कारण तिने हाताला त्याची जागा दाखवली, हाकललं नाही. कंबरदुखीच्या बाबतीत २०१९ साली ‘बीएमजे’त ४७ चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण एकत्र करून पाहिलं तेव्हा मणक्यांची हाताळणी इतर मान्य उपचारांइतकीच उपयोगी ठरली. जास्त नाही.

नकार कुठे द्यावा हेही कसबातच येतं. हाडं ठिसूळ झालेली बाई, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेला रुग्ण, पायांतली ताकद किंवा लघवीवरचा ताबा अचानक गेलेला माणूस: यांना झटका देणारा हात कितीही सुबक असो, तो अडाणी. मानेच्या झटक्यानंतर मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीची भिंत फाटल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत. व्हिडिओत जी मान माइकसमोर वळवली जाते, तिची ही चौकशी आधी झाली होती का, ते कधी दाखवत नाहीत.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे, तेव्हा ज्याच्या हातात मान द्यायची त्याचं नाव तिथे आहे का, एवढं विचारायला संकोच नको. अमेरिकेत मात्र सगळ्या राज्यांत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो, आणि न्यू जर्सीत किंवा शिकागोत मुलाकडे राहणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना तो शेजारच्या दुकानांच्या रांगेतच भेटतो.

टेबलावरून उतरल्यावर चांगला कायरोप्रॅक्टर त्या बाईला हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायला आणि बसायला लावतो, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजतो, आणि घरी रोज करायला सांगतो. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. वजनाबद्दल बोलतो, एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं मेसियर यांनी २००५ साली मोजलं आहे. काठी घ्यायची तर दुखऱ्या बाजूला नव्हे, दुसऱ्या हातात, हे दाखवतो. या कशालाच आवाज नाही. सैल झालेल्या सांध्याचे ते दोन दिवस कशासाठी वापरायचे, ते या दहा मिनिटांत ठरतं. आणि पासष्टीपुढच्या अमेरिकनांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १९७२ च्या कायद्यापासून कायरोप्रॅक्टरला फक्त एका कामाचे पैसे देत आला: हाताने मणका हलवण्याचे. गुडघ्याचे नाहीत, तपासणीचे नाहीत, खुर्चीतून उठायला शिकवण्याचेही नाहीत.